कुलूप फोनला, वही टॉवरवर

(वरवट बकाल येथील बैठकीत केलेले भाषण)



आज आपल्यापुढे एक ठराव आहे. जिल्ह्यातल्या तेरा तालुक्यांच्या कार्यकर्त्यांसाठी निधीतून तेरा 'सुरक्षित' फोन घ्यावेत, म्हणजे आपलं बोलणं कुणाला ऐकता येणार नाही, असा तो ठराव. ठराव मांडणाऱ्यांच्या मनात भीती आहे आणि ती खोटी नाही. पण हात वर करण्याआधी हिशेब नीट मांडू.

असा एक फोन चाळीस हजारांच्या घरात जातो. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये होता. म्हणजे एका फोनला पाच क्विंटल कापूस. आपल्याकडच्या कोरडवाहू रानात कित्येकांचा एकरभराचा सगळा कापूस तेवढाच भरतो. तेरा फोन म्हणजे पाच लाख वीस हजार, चौसष्ट क्विंटल. एवढा कापूस मोजायचा तर बदल्यात काय मिळतं आणि काय मिळत नाही, हे आधी पाहिलं पाहिजे.

पाळत ठेवली जाते का? जाते. २०२१ च्या जुलैत नाना पटोले यांनी विधानसभेत सांगितलं की आपला फोन 'अमजद खान' अशा नावाखाली ऐकला जात होता. २०२२ च्या फेब्रुवारीत पुण्यात गुन्हा नोंदला गेला. त्यात बच्चू कडूंसह आणखी काही पुढाऱ्यांचे फोन दुसऱ्याच नावांनी ऐकल्याचा आरोप होता. पुढे पोलिसांनी तपास बंद करण्याचा अहवाल दिला आणि सप्टेंबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयानं तो गुन्हा रद्द केला. दोषी कोण, निर्दोष कोण, हे ठरवणं आज आपलं काम नाही. आपल्या कामाची गोष्ट एवढीच की असं ऐकणं फोनमध्ये शिरून होत नाही. सरकारचा आदेश जातो फोन कंपनीकडे, आणि कंपनी तारेच्या मधूनच आवाज देते. तुमच्या हातात दोन हजारांचा बटणांचा डबा असो की लाखाचा फोन, साधा कॉल लावला की तो त्याच वाटेनं जातो.

दुसरी तऱ्हा फोनमध्ये शिरण्याची. २०१९ साली पेगासस नावाच्या हेरगिरीच्या हत्याराचा एक मोठा हल्ला उघडकीला आला. इस्रायलच्या एनएसओ कंपनीचं हे हत्यार. आपण ते फक्त सरकारांनाच विकतो, असं कंपनी म्हणते. व्हॉट्सअॅपच्या कॉलमधल्या एका फटीतून ते जगभरातल्या सुमारे १४०० फोनांवर सोडलं गेलं होतं. कॉल उचलायचीही गरज नव्हती. ज्यांना लक्ष्य केलं त्यांत आपल्या नागपूरचे वकील निहालसिंग राठोड होते. पुढे सर्वोच्च न्यायालयानं समिती नेमली. तिनं २९ फोन तपासले. २०२२ साली अहवाल आला. पाच फोनांत घातक काहीतरी सापडलं, पण ते पेगाससच आहे असं ठरवता आलं नाही. केंद्र सरकारनं समितीला सहकार्य केलं नाही, हेही न्यायालयातच सांगितलं गेलं.

आता हे 'सुरक्षित' फोन म्हणजे काय, ते आपल्या भाषेत सांगतो. मी शेतीशास्त्र शिकलेला माणूस, तेव्हा उदाहरण कपाशीचंच.

बीटी कपाशी २००२ साली आली, दोन जनुकांची २००६ साली. बीटीचं काम बोंडअळी मारणं. मावा, तुडतुडे, फुलकिडे यांच्यावर बीटी चालत नाही, पावसाच्या खंडावर तर मुळीच नाही. पाकिटावर बोंडअळीपासून संरक्षण असं लिहिलं होतं आणि आपण वाचलं फक्त संरक्षण. मग २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं विदर्भातली बोंडं आतून पोखरली. किडीनं वाट काढली होती आणि बियाणं होतं तिथंच होतं.

फोनचंही तसंच आहे. ग्राफीनओएस नावाची एक प्रणाली आहे. ती फुकट मिळते, पण चालते गुगलच्या पिक्सेल फोनवर, म्हणून महाग पडते. ती चांगली आहे, हे मी मोकळेपणानं सांगतो. प्रत्येक अॅप वेगळ्या खोलीत कोंडलेलं असतं, त्याला दुसऱ्या खोलीत डोकावता येत नाही. फोन चोरीला गेला किंवा कुणी हिसकावला तर आतलं सहजासहजी काढता येत नाही. पेगाससारख्या हत्यारांचं काम ती अवघड करते. आयफोनमध्येही २०२२ पासून 'लॉकडाऊन मोड' आहे, तोही याच कामाचा. ही झाली बोंडअळी. आता मावा-तुडतुड्यांचं पाहू.

पहिली गोष्ट टॉवरची. फोन चालू ठेवायचा तर त्याला जवळच्या टॉवरला सांगावंच लागतं की मी इथं आहे. कुणी कुणाला, किती वाजता, किती वेळ, कोणत्या टॉवरखालून फोन केला याची वही कंपनीकडे असते. पोलीस तिला सीडीआर म्हणतात. ही वही किमान दोन वर्षं सांभाळायची, असं सरकारनं डिसेंबर २०२१ मध्ये कंपन्यांना बजावलं. फोनमधलं लोकेशन बंद केलं तरी वही बंद होत नाही. वही फोनमध्ये नाहीच, मग फोनचं कुलूप तिला काय करणार?

दुसरी गोष्ट पलीकडच्या माणसाची. व्हॉट्सअॅपचा मजकूर २०१६ पासून वाटेत कुलूपबंद असतो, हे खरं. पण पलीकडे तो उघडतोच. आपल्या तालुका गटात दोनशे माणसं. त्यातल्या एकानं फोटो काढून पुढे ढकलला की एकशे नव्व्याण्णव कुलपं वाया गेली. कुंपण एका जागी मोडलं की डुक्कर तिथूनच शिरतं.

तिसरी गोष्ट आपण स्वतःच्या हातानं देतो त्या माहितीची. हमीभावानं कापूस सीसीआयला द्यायचा तर २०२५ पासून 'कपास किसान' अॅपवर आधारसह नोंदणी आली. ई-पीक पाहणी २०२१ पासून आहे, तिच्यात शेतात उभं राहून पिकाचा फोटो द्यायचा. शेतकरी ओळख क्रमांकात सातबारा आणि आधार एकमेकांना जोडले गेले. नाही म्हणायची सोय नाही, नाही म्हटलं तर अनुदान अडतं, खरेदी अडते. इथं कुणी काही चोरत नाही, आपण देतो. घ्या चाळीस हजारांचा फोन, या अॅपमध्ये भरलेला सातबारा तो परत आणणार आहे का? शिवाय काही बँकांची अॅप अशा वेगळ्या प्रणालीवर चालायलाच नकार देतात. मग कार्यकर्ता दुसरा साधा फोन खिशात ठेवणार, आणि सगळं त्याच्यावरच करणार.

चौथी गोष्ट विकणाऱ्याची. 'अॅनोम' नावाचा फोन होता. पूर्ण गुप्त म्हणून जगभरातल्या गुन्हेगारांना विकला गेला, शंभराहून अधिक देशांत बारा हजारांवर फोन. जून २०२१ मध्ये कळलं की तो अमेरिकेची पोलीस यंत्रणा एफबीआय चालवत होती आणि प्रत्येक संदेश वाचत होती. गुन्हेगार पकडले गेले, त्याचं दुःख नाही. पण गोष्ट ध्यानात ठेवा. काट्याचा दांडा व्यापाऱ्याच्या हातात असला की काटा कितीही चकचकीत असो, माप त्याचंच.

मग सामान्य शेतकऱ्याचं खरं नुकसान कुठं होतंय? ते हेरगिरीतून नाही, हप्त्याच्या आशेतून होतंय. व्हॉट्सअॅपवर 'पीएम किसान' नावाची एपीके फाइल येते. हप्ता अडकलाय, ही उघडा, असं लिहिलेलं असतं. बहुधा ओळखीच्या माणसाच्याच नंबरवरून येते, कारण त्याचा फोन आधीच गेलेला असतो. फाइल उघडली आणि मेसेज वाचायची परवानगी दिली की बँकेचा ओटीपी परस्पर जातो आणि खातं साफ. बियाणं-खतासाठी ठेवलेला पैसा असा गेला की पेरणी सावकाराच्या दारात जाते. यावर महागडा फोन हा इलाज नाही, कारण परवानगीचं बोट आपलंच असतं.

तेव्हा करायचं काय? बिनपैशाची कामं आधी. व्हॉट्सअॅपवर आलेली कोणतीही एपीके फाइल उघडायची नाही, पाठवणारा सख्खा भाऊ असला तरी नाही. पैसे गेलेच तर त्याच घटकेला १९३० या क्रमांकावर फोन करायचा. जितका उशीर तितकी रक्कम हातची गेली. फोनला कंपनीकडून सुधारणा येतात तोवर त्या घ्यायच्या. सुधारणा बंद झालेला फोन म्हणजे ताकद गेलेलं बियाणं. फोनला सहा आकडी कुलूप ठेवा. अंगठ्याचं कुलूप हात धरूनही उघडता येतं. पोलीस फोन घेऊन जात असतील तर पंचनामा आणि जप्तीच्या यादीची प्रत मागा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.

दुसरं काम विचाराचं. आपल्याला लपवायचं आहे तरी काय? रास्ता रोकोची तारीख आपण पत्रकात छापतो. कोणता कायदा मोडणार, कुठं मोडणार, हे आधी जाहीर करून मोडतो. उघडेपणा हीच आपली ताकद आहे. आंदोलन गुप्त करायला लागलो तर मायबहिणी घराबाहेर पडणार नाहीत. पण काही गोष्टी आपल्या नसतात, लोकांनी विश्वासानं दिलेल्या असतात. कुणाचं कर्ज किती, कुणाच्या घरात आत्महत्या झाली, बाजार समितीतला कोणता माणूस आपल्याला काट्यातली लबाडी सांगतो, कोणती बहीण सावकाराविरुद्ध बोलली. त्यांची नावं फोनमध्ये, गटावर, फोटोत जाता कामा नयेत. ती एका वहीत, एका जबाबदार माणसाकडे. आणि अशा माणसाला भेटायला जाताना फोन घरी ठेवा, बांधावर बसून बोला. फोन घरी राहिला तर टॉवरच्या वहीत तुमचा पत्ता घरचाच.

तिसरं काम लढ्याचं. सर्वोच्च न्यायालयानं २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठापुढे खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. त्याआधी १९९६ सालीच फोन ऐकण्याला लगाम घालणारा निकाल दिला होता. पण आजही आदेश देतो गृहखात्याचा सचिव आणि तपासणारी समिती सचिवांचीच. ज्याचा फोन ऐकला त्याला कधीच कळवलं जात नाही. चोरीचा निवाडा चोराच्या भावकीनं करावा, तशी ही रीत. २०२३ चा टेलिकॉम कायदा आला, पण तो सरकारला हीच ताकद देतो. त्याच वर्षीच्या माहिती संरक्षण कायद्यात केंद्राला आपल्या यंत्रणांना सूट देण्याची मुभा आहे.

म्हणून माझी विनंती अशी की फोन खरेदीचा ठराव मागे घ्यावा आणि त्याजागी तीन मागण्यांचा ठराव करावा. फोन ऐकायचा तर न्यायाधीशाची परवानगी असावी. चौकशी संपल्यावर त्या माणसाला लेखी कळवावं. आणि शेतकरी ओळख क्रमांकावरची माहिती कोणत्या बँकेला, कंपनीला, खात्याला दिली, हे ज्याच्या त्याच्या सातबाराइतकं सहज त्याला पाहता यावं. आपल्या शेताची नोंद आपल्यालाच दिसणार नसेल, तर ती नोंद कुणाच्या भल्यासाठी?

निधीतला थोडा पैसा गावोगाव एपीकेच्या फसवणुकीची पत्रकं छापण्यावर खर्च करा, उरलेला राहू द्या. कुलूप ज्याला हवं त्यानं आपल्या पैशानं जरूर घ्यावं, पण ते कशाला लागतं आणि कशाला लागत नाही हे समजून घ्यावं. टॉवरच्या वहीला कुलूप कायद्याचंच लागतं, आणि ते दुकानात मिळत नाही.

आता ठरावावर बोला. ज्यांचं मत वेगळं आहे त्यांनी आधी बोलावं.