श्रोता जमतो कसा?

गावोगावहून आलेल्या आकाशवाणीच्या व सामुदायिक रेडिओच्या मित्रमैत्रिणींनो,

स्वागत समितीच्या वतीने पुण्यात तुमचं मनःपूर्वक स्वागत! स्वागताध्यक्षाने थोडक्यात आटपावं असा संकेत आहे. सेकंदांचा हिशेब ठेवणाऱ्यांपुढे तो मोडायची माझी छाती नाही.

आकाशवाणीचं पुणे केंद्र १९५३ साली सुरू झालं. इथल्या सकाळी ७.०५ च्या प्रादेशिक बातम्यांवर कित्येक घरांतले डबे भरले गेले, शाळेची दप्तरं उचलली गेली. बातमी पुढची, आधी वेळ पाळली म्हणून माणसं जमली.

पण नुसतं जमणं पुरत नाही. १९५६ मध्ये युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणीने तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच जिल्ह्यांत शेतकरी श्रोता मंडळं काढली. मूळ कल्पना कॅनडाची. दीडशेच्या आसपास गावं. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी वीसेक जण सेटभोवती बसायचे. अर्धा तास ऐकायचं आणि मग खरं काम सुरू: वाद, शंका, आपल्या रानातला अनुभव. निमंत्रक ते टिपून केंद्राला कळवायचा आणि प्रश्नाचं उत्तर पुढे रेडिओवरून यायचं. समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूरथ यांनी या प्रयोगाची पाहणी केली. मंडळाच्या गावांत लोकांची माहिती चांगलीच वाढली होती. जिथे रेडिओ होता पण मंडळ नव्हतं, तिथे फरक किरकोळ. म्हणजे सेट वाटून श्रोता तयार होत नाही, हे आपल्याकडे तेव्हाच सिद्ध झालं आहे.

आज अडचण अशी, की खासगी एफएम आणि सामुदायिक केंद्रांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं. मला हे बंधन पटत नाही. तरी श्रोत्याशी बोलायला कुणी अडवलेलं नाही. म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी २००८ पासून माणदेशी माणसांशी त्यांच्याच बोलीत बोलते आहे. उलट शहरात फोन घेतात ते बहुधा ‘कुठलं गाणं लावू?’ एवढंच विचारायला. (इथे बसलेल्यांनी राग मानू नये.)

श्रोत्याचं ऐकून त्याला उत्तर देणं महत्त्वाचं, म्हणून आजचं पहिलं सत्र आम्ही श्रोत्यांच्या पत्रांना उत्तरं देणाऱ्यांसाठी ठेवलं आहे. एरवी ही मंडळी मंचावर दिसत नाहीत. त्यांनी कृपया पुढे यावं. जेवण एक वाजता, मागच्या अंगणात. अध्यक्षमहाराज, सभा आपल्या स्वाधीन करतो.