प्रामाणिक खरेदीदार कुणाला म्हणायचं?



महारकीची जमीन म्हणजे सांगावा पोचवून, मेलेली ढोरं ओढून, सरकारी कामाला रात्री-बेरात्री धावून हाती आलेला तुकडा. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतन कायदा बदलायचं बिल मांडलं. वतन मोडलं १९५८च्या कायद्यानं. जमीन परत दिली, पण नवीन शर्तीवर. कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकायची नाही.

तरी अडल्यानडल्याच्या अंगठ्यावर जमिनी गेल्याच. आता घेणारा म्हणतो, 'मी रोख पैसे मोजले, माझा काय गुन्हा?'

१८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४१ प्रामाणिक खरेदीदाराला सांभाळतं, खरंय. पण त्यानं वाजवी चौकशी केलेली असली पाहिजे. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' दिसत असताना डोळे मिटणारा प्रामाणिक कसला? आणि कायद्यानंच अडवलेली विक्री त्या कलमानं सोवळी होत नाही.

पै-पै जमवून गुंठा घेणारा आपला भाऊही यात फसतो. त्याला सांगा, सातबारा साऱ्याचा कागद, मालकीचा अखेरचा पुरावा नव्हे. जुने फेरफार काढ, 'इतर हक्क' वाच, परवानगीचा हुकूम डोळ्यांनी बघ. मगच पैसे मोज.

आणि ज्यांची जमीन गेली त्यांनी गप्प बसू नका. तलाठ्याकडं चला, नक्कल मागा!