पहिले पान

(सुवर्ण महोत्सवानिमित्त भरलेल्या विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



संकेतस्थळ कसे घडवावे या विषयावर मी बोलावे, अशी कार्यकारिणीची आज्ञा झाली तेव्हा मला संकोच वाटला. मी कला शाखेचा पदवीधर. आयुष्य गेले ते केंद्र सरकारच्या फायलींत. परंतु विद्यार्थिदशेत एक संकेतस्थळ मी स्वहस्ते उभारले होते आणि ते आपल्याच मंडळाचे होते. एवढाच माझा अधिकार.

साल १९९७. मी बी. ए. च्या शेवटच्या वर्षात होतो. सर्वसामान्यांसाठी इंटरनेटची सेवा दिल्लीत १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली होती. तिला जेमतेम दोन वर्षे होत होती. यमुनापार एका संगणकवर्गात मी संध्याकाळी जात असे. तेथे एचटीएमएलची ओळख झाली. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेत ही व्यवस्था योजली, ती शास्त्रज्ञांना एकमेकांची कागदपत्रे सुलभतेने पाहता यावीत म्हणून. आणि एप्रिल १९९३ मध्ये सर्नने ती सर्वांस विनामूल्य खुली केली. त्यामुळे माझ्यासारख्या कारकुनाच्या मुलालाही तिचे दार बंद नव्हते. नोटपॅडमध्ये मजकूर लिहावा, शीर्षक, परिच्छेद, ठळक अक्षर यांच्या खुणा कोनी कंसांत घालाव्यात. एक खूण आरंभाची, एक समाप्तीची. समाप्तीची खूण विसरलो, तर गणेशोत्सवाच्या पत्रिकेत अध्यक्षांच्या नावापासून प्रसादाच्या वेळेपर्यंत सारेच ठळक होऊन बसे!

मंडळाचे पहिले कार्यवाह, ज्यांना आम्ही सारे 'काका' म्हणत असू, त्यांनी मोठ्या हौसेने तीन पाने हाताने लिहून मजकडे दिली. पहिला गणपती एका सरकारी क्वार्टरच्या व्हरांड्यात कसा बसला, त्याची ती हकीकत होती. मी तारुण्याच्या तोऱ्यात म्हणालो, "काका, आता कागद जपायची गरज नाही. हे साऱ्या जगाला दिसेल." मजकूर टंकला, मोफत मिळणाऱ्या जागेवर चढवला आणि वर्गातील पडद्यावर काकांना दाखवला. त्यांचे डोळे पाणावले.

आठवड्याने त्यांच्या अमेरिकेतील मुलाचा दूरध्वनी आला. त्याला छायाचित्र दिसत नव्हते आणि मजकुराच्या जागी निरर्थक रोमन अक्षरांची रांग होती. काका मला एवढेच म्हणाले, "अरे, तुला दिसले, मला दिसले, ज्याच्यासाठी लिहिले त्यालाच दिसले नाही."

कारण साधे होते. छायाचित्राचा पत्ता मी वर्गातल्या संगणकाच्या सी ड्राइव्हचा दिला होता. तो दुसऱ्या संगणकाला कसा उमगावा? मजकुराची गोष्ट अधिक गहन. त्या काळच्या मराठी फाँटांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रे बसवलेली असत. तो फाँट ज्याच्या संगणकात नाही, त्याच्यासमोर मूळ रोमन अक्षरेच उघडी पडत. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून स्वतंत्र स्थान होते; परंतु विंडोजमध्ये त्याची सोय विंडोज २००० पासून झाली. छायाचित्राचा पत्ता मी एका संध्याकाळी सुधारला. फाँट उतरवून घेण्याची सूचना पानाच्या माथ्यावर इंग्रजीत लिहिली, तेव्हा कुठे मुलाने वडिलांचे शब्द वाचले.

पुढे नोकरी लागली, बदल्या झाल्या. काका गेले. जागा देणारी ती सेवाही बंद पडली. काकांची हस्तलिखित पाने मी त्यांना परत केलीच नव्हती. ती एका बदलीच्या सामानात गहाळ झाली. हा दोष सर्वस्वी माझा आहे आणि तो आज सर्वांसमक्ष मान्य करतो.

यंदा स्मरणिकेसाठी त्या हकीकतीची मागणी आली तेव्हा जुन्या ट्रंकेत एक फ्लॉपी सापडली. तीन पानांच्या तीन फायलींपैकी दोन उघडल्या. पडद्यावर तीच रोमन अक्षरांची रांग! ती मी युनिकोडमध्ये उतरवत बसलो. जुन्या फाँटात ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकावी लागे, युनिकोडमध्ये ती नंतर येते. म्हणून शब्द न् शब्द पारखावा लागला. सात रात्री लागल्या. ती दोन पाने स्मरणिकेत आहेत. तिसरे पान गेले. त्यावर पहिल्या वर्षीच्या वर्गणीदारांची नावे होती. या सभागृहात त्यांपैकी कोणाचे मुलगे, सुना, नातवंडे असतील, तर नावे कृपया मला लिहून द्यावीत. ही माझी विनंती आहे.

विद्यार्थी मित्रहो, आज साधने कितीतरी सुलभ झाली आहेत. तरीही तुमचे पहिले पान स्वतःच्या पडद्यावर सुंदर दिसले म्हणजे काम संपले, असे समजू नका. ते दुसऱ्याच्या संगणकावर, जुन्या मोबाइलवर, ज्याची दृष्टी अधू आहे अशा आजोबांसमोर उघडून पाहा. आणि कोणी विश्वासाने हस्तलिखित दिले, तर त्याची प्रत ठेवा व मूळ कागद त्याच दिवशी परत करा. मला हे शिकायला एक पान गमवावे लागले.