रुंद टायरांचा मोह आणि चाकांचें गणित

मोटार कितीहि दिमाखदार असली आणि तिचें एंजिन कितीहि जोरकस असलें, तरी रस्त्याशीं तिचा संबंध येतो तो केवळ चार ठिकाणीं. प्रत्येक ठिकाणीं टायरचा जेवढा भाग जमिनीला टेकतो, तो माणसाच्या तळहाताहून फारसा मोठा नसतो. वेग घेणें, वळणें आणि थांबणें हीं तिन्ही कामें या चार तळहातांवर चालतात. चपळ गाडीची हौस असणाऱ्या माणसाला म्हणूनच प्रथम सुचतें तें हें कीं, जुने टायर झिजले म्हणजे त्यांच्या जागीं अधिक रुंद टायर आणि त्यांना साजेशीं मोठीं चाकें बसवावीं. विचार वरवर अगदीं सरळ दिसतो. परंतु रुंदी कधीं एकटी येत नाहीं. उंची, वजन, जागा आणि पाऊस यांचे प्रश्न ती आपल्याबरोबर घेऊन येते.

एक प्रत्यक्ष उदाहरण घेतलें म्हणजे हें स्पष्ट होईल. जपानांतील माझ्दा कंपनीनें १९८९ सालीं एमएक्स-५ ही दोन आसनांची, उघडतां येणाऱ्या टपाची छोटी गाडी पुढें आणली. अमेरिकेंत ती मियाटा या नांवानें लोकप्रिय झाली. तोशिहिको हिराई यांच्या देखरेखीखालीं ती घडली, आणि घोडा व स्वार एकजीव व्हावे ही जपानी कल्पना तिच्या रचनेचें सूत्र ठरली. सुमारें ९५० किलोग्रॅम वजनाच्या या गाडीला टायर दिले होते ते १८५/६० आर १४ या मापाचे, आणि चाकांची रुंदी होती साडेपांच इंच. आजच्या दृष्टीला हीं चाकें किरकोळ वाटतात. ज्यांनीं ही जुनी गाडी अद्याप जतन केली आहे, त्यांच्यापैकीं पुष्कळांना तीं बदलण्याचा मोह केव्हांना केव्हां होतोच.

तो मोह पुरवावयाचा, तर टायरवरील अक्षरें आधीं नीट वाचलीं पाहिजेत. १८५ ही मिलिमीटरमधील रुंदी. ६० म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या शेंकडा ६०, अर्थात् १११ मिलिमीटर. आर हें अक्षर रेडियल बांधणीचें, आणि १४ हा रिमचा इंचांतील व्यास. १४ इंचांचे मिलिमीटर होतात ३५५.६, त्यांत वरची व खालची बाजू मिळून २२२ मिळविले, कीं सबंध चाकाचा व्यास सुमारें ५७८ मिलिमीटर भरतो. पुढील सर्व हिशेबाचा पाया हाच आंकडा होय. कारण वेगमापक, गिअरांचें प्रमाण आणि मडगार्डमधील मोकळी जागा हीं सर्व याच व्यासावर बेतलेलीं असतात.

आतां त्याच रिमवर कोणी १९५/६० आर १४ हा टायर चढविला, तर रुंदी दहा मिलिमीटर वाढेल खरी. पण व्यासहि बारा मिलिमीटरनें वाढून सुमारें ५९० होईल. वेगमापकावर पूर्वीचाच आंकडा दिसत असतां गाडी शेंकडा दोननें अधिक वेगानें धांवूं लागेल. याउलट १९५/५० आर १५ हें माप घेतलें, तर रिम एक इंचानें मोठी होते, टायरची बाजू ९७.५ मिलिमीटरवर येते, आणि एकूण व्यास ५७६ भरतो. मूळ व्यासाशीं फरक पडतो तो दोन मिलिमीटरांहूनहि कमी. रुंदी वाढली कीं बाजूची उंची घटवावी आणि व्यास राखावा, हें या शास्त्रांतील पहिलें सूत्र.

रुंदीनें पकड वाढते कीं नाहीं? कोरड्या रस्त्यावर वाढते, पण समजूत असते तितकी नव्हे. हवेचा दाब तोच ठेवल्यास जमिनीला टेकणाऱ्या भागाचें क्षेत्रफळ साधारणतः तेवढेंच राहतें. कारण तें गाडीचें वजन आणि हवेचा दाब यांवर अवलंबून असतें. बदलतो तो त्याचा आकार. पूर्वी तो लांबट होता, आतां आडवा होतो. त्यामुळें वळणावर गाडी अधिक तत्परतेनें वळते. परंतु पकडीचा मोठा वांटा रबराच्या जातीचा आणि ताजेपणाचा असतो. उत्तम रबराचा अरुंद टायर हलक्या प्रतीच्या रुंद टायराला सहज मागें टाकतो.

पावसांत तर पारडें फिरतें. वेगानें फिरणाऱ्या टायराला आपल्या वाटेंतील पाणी बाजूला सारावें लागतें. टायर जितका रुंद, तितकें पाणी अधिक. आणि टेकणारा भाग आंखूड झाल्यामुळें तें सारण्यास वेळ कमी. पाणी सरलें नाहीं, तर तें टायरखालीं शिरून त्याला उचलतें. चालकाच्या हातांतील चक्र एकाएकीं हलकें होतें आणि ब्रेक दाबूनहि गाडी थांबत नाहीं. रुंद टायरावर ही अवस्था कमी वेगाला येते, आणि त्याच्या खांचा झिजलेल्या असल्या तर त्याहूनहि लवकर. जून ते सप्टेंबर पावसांतून गाडी हांकणाऱ्या महाराष्ट्रांतील कुटुंबांनाहि, गाडी कोणतीहि असो, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

टायर ठरला, तरी चाक ठरलें असें होत नाहीं. १९५/५० आर १५ साठीं रिमची रुंदी साडेपांच ते सात इंच चालते. त्याबाहेर टायर धड बसत नाहीं. त्या एमएक्स-५ च्या चाकाला चार भोकें आहेत, तीं १०० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर. मधलें भोंक ५४.१ मिलिमीटरचें आहे; नव्या चाकाचें तें मोठें असल्यास नेमक्या मापाचें कडें घालून चाक मध्यावर आणावें लागतें, नाहीं तर वेगांत गाडी थरथरते. यापुढची बाब म्हणजे ऑफसेट; चाकाच्या रुंदीचा मध्य आणि हबला टेकणारा पृष्ठभाग यांमधील तें अंतर. मूळ चाकाचा ऑफसेट ४५ मिलिमीटर. साडेपांचऐवजीं साडेसहा इंचांचें चाक त्याच ऑफसेटचें घेतलें, तर तें दोन्ही अंगांना १२.७ मिलिमीटर वाढतें. ऑफसेट ४० घेतला, तर आंत ७.७ आणि बाहेर १७.७. आंत स्प्रिंग आहे, बाहेर मडगार्डची कड आहे. म्हणून चाक पूर्ण वळवून आणि गाडींत माणसें बसवून पाहिल्यावांचून मोकळी जागा पुरेशी आहे असें मानूं नये. चाक फारच बाहेर आलें, तर खड्ड्याचे हिसके थेट चालकाच्या हातांपर्यंत पोंचतात आणि बेअरिंगांवरील ताण वाढतो.

टायरच्या कडेवर मापाशेजारीं ८२ एच किंवा ८२ व्ही अशी खूण असते. ८२ म्हणजे एका टायरानें ४७५ किलोग्रॅम भार पेलावा. एच म्हणजे तासाला २१० आणि व्ही म्हणजे २४० किलोमीटर वेगाची मर्यादा. नवा टायर या दोन्ही बाबतींत मूळ टायराहून उणा असतां कामा नये. चार अंकी तारीखहि पाहावी. ३५२४ असें असेल, तर तो टायर २०२४ च्या ३५ व्या आठवड्यांत तयार झाला. चाकाचें वजनहि तोलून पाहावें. मोठें चाक पुष्कळदां जड असतें, आणि हा भार स्प्रिंगांच्या खालीं असल्यामुळें रस्त्याच्या उंचसखलपणाशीं चाकाला जुळवून घेतां येत नाहीं. बाजू आंखूड झालेला टायर खड्ड्यांत आपटला, तर धक्का रबरानें शोषण्यापूर्वींच रिमला बसतो व ती वांकते.

रचनाकारांना हें सर्व ठाऊक असतें. २०१५ सालीं एमएक्स-५ ची चौथी पिढी आली, तेव्हां तिच्या दीड लिटर एंजिनाच्या गाडीला टायर दिले ते १९५ मिलिमीटर रुंदीचे. सव्वीस वर्षांत वाढ झाली ती अवघी दहा मिलिमीटर! २०१२ सालीं टोयोटाची ८६ ही गाडी आली. तिच्या कांहीं आवृत्त्यांना प्रियस या काटकसरी गाडीला वापरल्या जाणाऱ्या जातीचेच, २१५ मिलिमीटर रुंदीचे टायर होते. अखेरपर्यंत घट्ट धरून मग एकदम सोडून देणाऱ्या टायरापेक्षां घसरण्याची चाहूल आधींपासून देणारा टायर बरा, असा त्यामागचा विचार होता.

तेव्हां जुन्या एमएक्स-५ च्या मालकाला १९५/५० आर १५ आणि सहा इंचांचें हलकें चाक एवढी वाढ पुष्कळ झाली. कोणत्याहि गाडीसाठीं निवडीचा क्रम एकच: प्रथम व्यास, मग भार व वेग, मग जागा, मग रबराची प्रत, आणि सर्वांच्या शेवटीं रुंदी. पैसे मोजकेच असले, तर ते चाकाच्या चकाकीवर न घालतां चांगल्या रबरावर घालावे, आणि हवेचा दाब महिन्यांतून एकदां तरी मोजावा. रुंद चाकांचा डौल गाडी उभी असतांना शेजाऱ्यांना दिसतो. पण भर पावसांत समोर अचानक एखादें मूल आलें, तर गाडी वेळीं थांबेल कीं नाहीं, हें त्या डौलावर ठरत नाहीं.