घर विकायचंय? आधी फाईल काढा
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)



घर विकायचं ठरलं की आपण आधी रंगारी बोलावतो. मी म्हणतो, आधी कपाटातली फाईल काढा. बँकेत गृहकर्जाची प्रकरणं तपासताना आम्ही भिंतीचा रंग नाही, कागदांची साखळी बघायचो. बिल्डरपासून तुमच्यापर्यंतचे सगळे नोंदणीकृत करारनामे, इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट. कर्ज फिटलं असेल तर मूळ कागद बँकेतून परत आणलेत ना? सोसायटीची थकबाकीही भरून टाका. हस्तांतरणाचा प्रीमियम महापालिका हद्दीत २५,००० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही, हे समितीनंही लक्षात ठेवावं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वारस. नॉमिनेशन केलंय म्हणून निर्धास्त राहू नका. नॉमिनी मालक नव्हे, तो विश्वस्त. मृत्युपत्र नसेल तर बाकीच्या वारसांची संमती किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं. ‘मुलं परदेशातून आली की बघू’ म्हणता म्हणता गिऱ्हाईक निघून जातं आणि भावंडांत अबोला धरला जातो, तो वेगळाच.

पंचवीस वर्षांत आपल्यातले काही जण गेले. काही शेअर सर्टिफिकेटांवर अजून त्यांचीच नावं आहेत. घर विकायचं नसलं तरी हे काम उरकून घ्या. मागे राहणाऱ्यांना घर मिळावं, भांडण नको.