धार यंत्र काढते तेव्हा



कामगार चळवळीतला माणूस दुधावर बोलायला उभा राहिला, याचे काहींना नवल वाटले असेल. पण ज्या धंद्यात माणूस रात्री दोनला उठतो आणि आठवड्याची सुटी ज्याला ठाऊक नसते, तो धंदा आमच्या कक्षेबाहेरचा कसा म्हणावा?

हॉलंडमध्ये 1992 साली आपोआप धार काढणारे यंत्र गोठ्यात बसले. ते चालते कसे, हे आधी पाहू. गाईला कोणी हाकत नाही. यंत्राच्या कठड्यात खुराक मिळतो, त्या आशेने ती आपण होऊन येते. गळ्यातल्या पट्ट्यावरून यंत्र तिला ओळखते. नुकतीच धार देऊन गेलेली असेल तर खुराक न देता वाटेला लावते. एरवी सड धुतले जातात, किरणांच्या साहाय्याने सडांची जागा हेरून यांत्रिक हात एकेक पेला लावतो. चारी सडांचे दूध वेगवेगळे मोजले जाते. दुधातून वीज किती सहज वाहते यावरून कासेला दगडी होऊ घातली आहे की काय, याची सूचना मिळते. दगडीने ज्याच्या म्हशीचा एखादा सड गेला आहे, त्याला या सोयीचे मोल मी काय सांगावे?

आता हिशेब. एका यंत्राकडे सुमारे 60 गाई. दिवसात तीनदा धार धरली तर 180 खेपा. खेपेला सात मिनिटे धरली तर 21 तास झाले. उरलेल्या तीन तासांत यंत्राने आपली धुलाई उरकायची. म्हणजे आठ तासांचा दिवस त्यालाही नाही! वेड्यावाकड्या सडांची गाय त्याला साधत नाही आणि चुकार गाईला माणसानेच हाकून आणावी लागते. दूध वाढते, हे खरे. पण त्यात मोठा वाटा दोनाऐवजी तीनदा धार काढण्याचा. हाताने तीनदा काढली तरी ते वाढेल.

तिकडे यंत्राचा धनी आणि धार काढणारा बहुधा एकच असतो. पहाटेची झोप त्याला मिळते. रात्री यंत्र अडले तर फोनही त्यालाच येतो. सुख आणि जाच एकाच घरात राहतात.

आपल्याकडे तसे नाही. 1949 साली गोरेगावला आरे वसाहत उभी राहिली, मुंबईच्या म्हशी तिकडे गेल्या. धार मात्र गवळ्याच्या हातानेच निघत राहिली. मंचरला भाग्यलक्ष्मी फार्ममध्ये गाई फिरत्या चक्रावर उभ्या राहतात, तरी सडांना पेले लावायला माणूस आहेच. आपल्या मुरबाड-शहापूरात दावणीला दोन-तीन जनावरे. कोटीच्या घरातले यंत्र आणून त्याच्यापुढे बांधायचे काय? शिवाय आपली म्हैस. पारडू ढुसण्या देईपर्यंत ती पान्हा सोडत नाही. इटलीत म्हशींनाही या यंत्राची सवय लावली आहे, तेव्हा ते अशक्य नव्हे. पण त्याला वेळ आणि धीर लागतो.

यंत्र बसवणे सोपे असते. याच धसईत 1 डिसेंबर 2016 रोजी रोकडरहित व्यवहाराचा समारंभ झाला, दुकानांत कार्डाची यंत्रे आली. त्यानंतर यंत्राची, जोडणीची आणि खात्यातल्या पैशांची रोजची नड कोणी सोसली, हे येथील दुकानदार माझ्यापेक्षा चांगले सांगतील.

ठाणे जिल्ह्याचे गवत पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या तबेल्यांत गेले. यंत्र आलेच तर ते आधी तशा मोठ्या तबेल्यांत येईल. तेथे धनी निराळा, धार काढणारा निराळा. 1928 साली मुंबईच्या गिरण्यांत मालक म्हणाले, दोनाऐवजी तीन माग सांभाळा. त्यातून सहा महिन्यांचा संप झाला. विणकऱ्याला सुधारलेल्या मागाचे वैर नव्हते. वाचलेल्या मजुरीत आपला वाटा किती आणि घरी कोण बसणार, एवढेच त्याला विचारायचे होते.

कल्याणकडच्या एका तबेल्यात मी रात्र काढली आहे. एकेकाच्या वाट्याला दहा म्हशी, दोन वेळा. चाळिशीच्या एका गवळ्याची बोटे सकाळी मिटत नव्हती. चहाचा पेला तो दोन्ही तळव्यांत धरून प्यायला. त्याला मी या यंत्राचे वर्णन करून सांगितले. तो बराच वेळ ऐकत राहिला. मग म्हणाला, “साहेब, यंत्र येऊ द्या, हात सुटतील. पण रात्री ते बिघडले तर फोन शेठच्या उशाशी वाजणार की माझ्या?”