आबा का विसरतात?



'साठी बुद्धी नाठी' असे आपण सहज बोलून जातो. म्हातारे माणूस विसरले, की हसतो. नाहीतर रागावतो. पण डायलिसिसवर असलेल्या म्हाताऱ्या माणसाला हे बोल लावू नका. त्याचे विसरणे पुष्कळदा आजाराचाच भाग असते. आज त्याविषयी चार गोष्टी बोलू.

आपल्या पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना दोन मूत्रपिंडे असतात. त्यांनाच आपण किडनी म्हणतो. ती रक्त गाळतात. घाण आणि जादा पाणी लघवीवाटे बाहेर टाकतात. ती निकामी झाली, की घाण रक्तातच राहते. मग यंत्रातून रक्त गाळावे लागते. हेच डायलिसिस. बहुतेकांना ते आठवड्यातून तीन वेळा लागते. एका वेळी चारेक तास जातात.

किडनीचा आणि डोक्याचा काय संबंध? ऐका तर. 1945 साली हॉलंड देशात कोल्फ नावाच्या डॉक्टरांनी एका 67 वर्षांच्या बाईचे रक्त आपल्या यंत्रातून गाळले. बाई बेशुद्ध होती. रक्त गाळल्यावर ती शुद्धीवर आली. रक्तातली घाण मेंदूला कशी झाकोळते, हे त्यावरून कळते.

पण यंत्र किडनीचे सगळे काम करीत नाही. थोडी घाण राहतेच. डायलिसिस चालू असताना कधी रक्तदाब उतरतो. मग मेंदूला रक्त कमी पोचते. मधुमेहाने आणि वाढलेल्या रक्तदाबाने किडनी बिघडते, तशाच मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्याही बिघडतात.

परळचे के. ई. एम. रुग्णालय 1926 साली सुरू झाले. गावोगावचे रोगी परळला येतात. त्याच भागातल्या चाळीतले एखादे आबा डोळ्यांपुढे आणा. 1982 च्या संपापर्यंत त्यांनी गिरणीत दोन-दोन साचे चालवले. आता सून त्यांना डायलिसिसला नेते. सकाळची गोळी घेतली की नाही, हे त्यांना आठवत नाही. पाणी मोजून प्यायचे, तर मोजच विसरतात. सुटे पैसे मोजताना चुकतात. अंघोळीला मदत लागते. सून म्हणते, "मामंजी, काल तर सांगितलं होतं!" आबा गप्प बसतात. त्यांना लाज वाटते. ते लपवू लागतात.

आणि ते लपूनच राहते, बरं का. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात डायलिसिसच्या 338 रोग्यांची समज तपासली. सगळे 55 वर्षांचे किंवा त्याहून मोठे होते. 2006 साली ती माहिती छापून आली. शंभरात तेरा जणांचीच समज पुरती शाबूत होती. पण दवाखान्याच्या कागदावर बिघाडाची नोंद होती शंभरात तिघांचीच! घरच्यांनी सांगितले नाही, तर डॉक्टरांना कळणार कसे?

मग काय करावे?

पहिले, डॉक्टरांना सांगा. सगळी औषधे पिशवीत घालून दाखवा. किडनी बिघडली, की काही औषधे अंगात साचतात आणि गुंगी आणतात. साखरेच्या औषधाने साखर फार उतरली, तर माणूस भलतेच बोलतो.

दुसरे, गोळ्या घरातल्या एकाने सांभाळाव्या. डॉक्टरांनी सांगितले तेवढेच पाणी सकाळी तांब्यात काढून ठेवावे.

तिसरे, डायलिसिस चालू असताना महत्त्वाचे काही विचारू नका. तेव्हा समज मंद असते. डायलिसिसच्या आधी, नाहीतर दुसऱ्या दिवशी बोला.

चौथे, डॉक्टरांना विचारून रोज थोडे चालवा. पडून राहिले, की पाय जातात. डायलिसिसहून घरी आणताना हात धरा. चक्कर येते.

पाचवे, माणूस एकाएकी बरळू लागला, तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, तर वाट पाहू नका. तडक रुग्णालय गाठा.

आता एक अवघड गोष्ट. अमेरिकेत वृद्धांच्या शुश्रूषागृहांतल्या, आधीच थकलेल्या 3702 रोग्यांना डायलिसिस सुरू केले. 2009 साली त्याची माहिती छापली गेली. वर्षभरात शंभरातले 58 दगावले. आपले आपण करण्याची आधीइतकी ताकद शंभरात 13 जणांचीच टिकली. म्हणून डायलिसिस वाईट, असे नव्हे. पुष्कळांना त्याने आयुष्य मिळते. पण फार थकलेल्या माणसाला त्याने किती गुण येईल, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. आणि आबांनाही विचारा, "तुम्हाला काय हवं?" समज शाबूत आहे, तोवरच विचारा. पुढे त्यांच्या वतीने आपल्याला ठरवावे लागते. तेव्हा त्यांचे शब्द उपयोगी पडतात.

डायलिसिससाठी दर खेपेला मुंबई गाठावी लागतेच असे नाही. 2016 साली सरकारने जिल्हा रुग्णालयांत डायलिसिसची योजना सुरू केली. गरिबांना त्यात पैसे पडत नाहीत. आपल्या जिल्ह्याच्या रुग्णालयात चौकशी करा. जाताना शिधापत्रिका आणि आजाराचे सगळे कागद बरोबर न्या. तुम्हाला आता वाचता येते. आबांच्या गोळ्यांचा कागद तुम्हीच वाचा.